एका चिकटपट्टीचं वजन

भाद्रपदातली दुपार आहे आणि मी पंखा बंद करून, खिडक्या लावून बसले आहे. नांदेडात या दिवसांत असं कुणी बसत नाही. पाऊस उघडलेला, खालून ओल, वरून ऊन, अंगाला कपडा चिकटलेला. शेजारच्या बाईंनी मघाशी दारातून डोकावून विचारलं, "तुमच्याकडची लाइट गेली का ताई?" मी नाही म्हटलं. त्या छताच्या पंख्याकडे बघत जरा उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. एकट्या राहणाऱ्या बाईला लोक फार प्रश्न विचारत नाहीत.

समोर टेबलावर दादाचा तराजू आहे. शेजारी ड्रोनचा एक प्रोपेलर. हातभर लांब, काळा, दोन पात्यांचा. त्यातल्या एका पात्यावर, टोकाच्या जरा अलीकडे, एक चिकटपट्टी आहे. बोटाच्या पेराएवढी, कात्रीनं सरळ कापलेली. मला लिहायचं आहे ते या पट्टीबद्दल. तिच्याबद्दल मी माझ्या थोरल्या भावाशी खोटं बोलले. त्यानंतर तो तीन आठवडे जगला. येत्या वद्य दशमीला त्याला जाऊन वर्ष होईल.

सोयाबीनच्या शेंगा भरायचे हे दिवस. परवा कामानिमित्त उमरीला गेले होते. बसच्या खिडकीतून दोन्ही अंगांनी रान दिसत होतं. वरून हिरवं आणि बुडाशी कुठंकुठं पिवळं पडू लागलेलं. मध्येच फवारणीच्या औषधाचा वास आला. बंद कपाट उघडल्यावर येतो तसा, गोडसर आणि घशात बसणारा. पूर्वी या वासामागं पाठीवर पंप घेतलेला एखादा माणूस दिसायचा, तोंडाला रुमाल बांधलेला. आता पिकावरून सहा हातांचं एक यंत्र हळूहळू फिरत असतं आणि बांधावर कुणीतरी रिमोट धरून उभं असतं. त्याचा आवाज बसच्या आवाजातूनही येतो. गांधीलमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा. बसमधल्या बाकीच्यांनी मान वळवून बघितलं. मी डोळे मिटून ऐकलं. सगळी पाती एका सुरात आहेत की एखादं वेगळं बोलतंय, हे ऐकायला दादानं मला शिकवलं होतं. मला ते कधी नीट जमलं नाही. त्याला मात्र गच्चीवर बसून, अर्ध्या कोसावरच्या शेतातलं कळायचं.

"ऐक. एक पातं जड हाय त्याचं," तो म्हणायचा.

"मला तर सगळं सारखंच ऐकू येतं."

"तू पुस्तकवाली. तुझ्या पुस्तकांना कुठं थरथर सुटती?"

दादा लातुरात आयटीआयला फिटरचा निदेशक होता. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वहिनी फार लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं. मी लग्न केलं नाही. नांदेडला कॉलेजच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी गेली आणि दादाची लातुरात, लोखंडाच्या किसात. दिवाळीला आणि राखीला भेटायचो. मी निवृत्त झाले त्याच वर्षी त्याच्या पोटातलं दुखणं डॉक्टरांनी नाव घेऊन सांगितलं. मग दोन बॅगा आणि थोडी पुस्तकं घेऊन मी लातूरला त्याच्याकडे राहायला गेले. जाताना बसमध्ये वाटलं होतं, आपण एका आजारी माणसाची सेवा करायला चाललोय. घरात शिरले तर आजारी माणूस फरशीवर मांडी घालून बसला होता आणि मोडक्या कॉम्प्युटरच्या पोटातून लोहचुंबक उपसून काढत होता.

"आलीस? बरं झालं. विणायच्या सुया आणल्यास का?"

"सुया कशाला?"

"पोलादी पायजेत. दहा नंबरच्या."

माझ्या पिशवीत अर्धवट विणलेला स्वेटर होता. त्यानं एक सुई त्यातून सरळ ओढून काढली. टाके उसवले. तो स्वेटर मी पुढं कधी पुरा केला नाही.

तराजू म्हणजे एवढंच. शाळेच्या जुन्या बाकाची फळी, तिच्यावर समोरासमोर उभे केलेले दोन ठोकळे. प्रत्येक ठोकळ्यात एकेक चुंबक बसवलेलं. एक ठोकळा पक्का, दुसरा पुढंमागं सरकणारा. विणायची सुई प्रोपेलरच्या मधल्या भोकातून घालायची आणि ती हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी बाटलीची बुचं दाबायची. मग सुई दोन चुंबकांच्या मधे धरायची. एक टोक एका चुंबकाला टेकतं. दुसऱ्या चुंबकापासून दुसरं टोक केसभर लांब ठेवायचं. ते तिथं हवेत राहतं. कशालाच न टेकता. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते खरं वाटलं नव्हतं. मी सुईचं टोक आणि चुंबक यांच्या मधून पोस्टकार्ड सरकवून बघितलं होतं आणि दादा हसला होता.

घर्षण जवळजवळ नाहीच, त्यामुळे जे पातं कणभर जड असेल ते खाली जातं. मग हलक्या पात्याला चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, नाहीतर जड पात्याची कड पॉलिश पेपरनं घासायची. पुन्हा बघायचं. असं करत करत एक वेळ अशी येते की प्रोपेलर जिथं सोडाल तिथंच थांबतो. आडवा ठेवा, तिरपा ठेवा, उभा ठेवा. कुठलंच पातं खाली जायचा हट्ट करत नाही. त्या क्षणी दादाचा चेहरा बघण्यासारखा असायचा. एरवी चुकूनही हात न जोडणारा माणूस, पण त्या वेळी त्याचे दोन्ही हात आपोआप मांडीवर शांत पडायचे.

आणि त्याची एक अट. पंखा बंद, खिडकी बंद, तोंड बंद. "श्वास लागला तरी फिरतं ते. ग्रंथालयात तू पोरांना गप बसवायचीस ना? आता तू बस."

ही पाती इम्रान आणायचा. इम्रान औश्याचा, दादाचा जुना विद्यार्थी. त्याचे वडील जळालेल्या मोटारींत तांब्याची तार भरायचे, तोही तेच करायचा. मग त्यानं ड्रोनचं रीतसर शिक्षण घेतलं आणि लातुरातच जोडलेलं एक यंत्र घेऊन तो गावोगाव फवारणी करू लागला. दोन लेकरांचा बाप, तिशी ओलांडलेला, पण दादासमोर खुर्चीवर बसायचा नाही. फवारणीच्या हंगामात पाती झिजतात, फांदीला लागतात, तुऱ्याला घासतात, नवी आणावी तर नवीही तोलात नसतात. इम्रान आठवड्यातून दोनदा फडक्यात गुंडाळून ती घेऊन यायचा.

"सर, ह्ये बघा जरा. मशीन लई नाचून राहिलंय."

"मशीन नाचून राहिलंय का तू नाचवून राहिलास?"

"आता काय बोलू सर तुमच्यापुढं."

दादानं मला एकदा समजावून सांगितलं होतं, थरथरीनं काय होतं ते. एका पात्याचं वजन कणभर जास्त असलं तर जमिनीवर काही दिसत नाही. पण वर गेल्यावर ते कणभर मिनिटाला हजारो वेळा एका बाजूला ओढतं. स्क्रू सैल होतात. वायर सुटते. औषधानं भरलेली टाकी घेऊन यंत्र खाली येतं. "आणि खाली माणूस असतंय," तो म्हणाला होता. "निंदणाऱ्या बाया असत्यात." तेव्हा त्याला जेवण जात नव्हतं. डाळीचं पाणी चमच्यानं घ्यायचा. पण पाती आली की उठून बसायचा. त्या हंगामात त्याचा दिवस दोनच गोष्टींनी ठरायचा. आज पाती आली का, आणि मागच्या पात्यांबद्दल इम्रान काय म्हणाला.

श्रावणाच्या मध्यावर त्याचे हात कापायला लागले. औषधानं म्हणा, अशक्तपणानं म्हणा. सुई दोन चुंबकांच्या मधे धरताना तीन-तीनदा निसटायची. मी उचलून द्यायला गेले की रागवायचा. पट्टी कापायचं त्याचं ब्लेड मी काढून घेतलं नव्हतं, पण तो कापत असताना मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे. बघवत नसे.

एकदा इम्रान फाटकाशी थांबला. मी दार लावायला गेले होते. आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, एक बोलू? मागचे दोन प्रॉप जरा... बरोबर न्हवते. सरांना नका सांगू. मी बघतो दुसरीकडं गुपचूप."

"दुसरीकडं नको," मी म्हटलं. "तू इथंच आण. मी बघते."

मी त्याला काय म्हणते आहे ते मलाही तोवर नीट कळलं नव्हतं.

त्या दिवसापासून दादाची दुपारची झोप लागली की मी पुढच्या खोलीत तराजू मांडू लागले. पंखा बंद, खिडकी बंद. त्यानं केलेला प्रत्येक प्रोपेलर पुन्हा लावून बघायचे. बहुतेक वेळा एक पातं खाली जायचं. मग मी माझी पट्टी लावायचे किंवा त्याची काढायचे. त्याच्या पट्ट्या ब्लेडनं तिरप्या कापलेल्या असायच्या, माझ्या कात्रीनं सरळ. पुस्तकांच्या पाठीला लेबलं चिकटवण्यात माझी तीस वर्षं गेली होती, तिरपं कापणं मला जमत नव्हतं. काम झालं की फडक्यात गुंडाळून होतं तसं ठेवून द्यायचे. संध्याकाळी दादा उठला की चहा.

पुढच्या वेळी इम्रान आला की दादाचा पहिला प्रश्न, "कसे होते?"

"एकदम मस्त, सर. लोण्यागत."

दादा माझ्याकडं बघायचा. "ऐकलंस का, ग्रंथपाल? हात हाय अजून."

मी हो म्हणायचे. इम्रान जमिनीकडं बघायचा. त्या घरात त्या महिनाभरात जो काही आनंद होता तो याच चार वाक्यांचा होता आणि तो खोटा होता, हे आम्हा दोघांना माहीत होतं. मला त्याचं तेव्हा वाईट वाटत नव्हतं. आजही त्या भागाचं वाटत नाही.

मग पोळा आला. आमच्या घरी बैल कधी नव्हते, वडील टपालखात्यात होते. पण आई पोळ्याला मातीची बैलजोडी पाटावर मांडायची आणि घरात शेतीशी संबंध असलेलं जे काही असेल ते शेजारी ठेवायची. विळा, खुरपं, धान्याचं माप. मीही नांदेडला एकटी असताना मातीची जोडी आणायचे. त्या वर्षी लातूरच्या बाजारातून आणली. पाटावर मांडली, पुरणाचा नैवेद्य केला आणि शेजारी ठेवायला काय आहे म्हणून बघितलं तर घरात शेतात जाणारी एकच वस्तू होती. दादानं आदल्या संध्याकाळी पुरा केलेला एक प्रोपेलर. इम्रान दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. तो मी बैलांच्या शेजारी ठेवला. हळद कालवून बोट ओढलं, वर कुंकू, वर अक्षता. हात जोडले. दादा आतल्या खोलीत पडून होता. त्यानं चमचाभर पुरण चाटलं आणि म्हणाला, "वेलची जास्त झाली." मग भिंतीकडं तोंड करून झोपला.

मी रोजच्यासारखा तराजू मांडला. एक पातं खाली गेलं. हळूच, फार नाही. मला आठवतंय, मी मनात म्हटलं होतं, आज थोडक्यात चुकलाय. दुसऱ्या पात्याला पट्टी लावली. प्रोपेलर थांबला. फडक्यात गुंडाळून ठेवला.

चार-पाच दिवसांनी गल्लीत गणपती बसला होता. ढोलांच्या आवाजानं डोकं उठलं होतं आणि दादा तरीही ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, पोरांची गंमत बघत. मी आत पेज करत होते. त्यामुळे इम्रान आला तेव्हा त्याची आणि दादाची गाठ आधी पडली. फाटकाशी कुजबुजायला मी नव्हतेच. त्याच्या हातात एकच फडकं होतं आणि दादानं ते बघितलं.

"परत आणलंस?"

"न्हाई सर, असंच. जरा थरथरत होता म्हणून..."

"दे इकडं."

दादानं तराजू आत मांडायला लावला. खिडक्या लावायला लावल्या. ढोल बाहेर वाजत राहिले. सुई मधे बसवायला त्याला खूप वेळ लागला आणि आम्ही दोघं उभे होतो, मदत करायची नाही हे ठरल्यासारखे. शेवटी बसली. त्यानं हात काढून घेतला. पट्टी असलेलं पातं सरळ खाली गेलं. थांबलंसुद्धा नाही. त्यानं पुन्हा आडवं केलं. पुन्हा तेच पातं खाली.

त्यानं त्या पात्यावरून अंगठा फिरवला. पट्टीपाशी थांबला. नजर इतकी कमी झाली होती की तिरपं आणि सरळ त्याला दिसलं नसावं. पण काहीतरी लागलं त्याच्या अंगठ्याला.

"ही पट्टी म्या लावली होती का गं?"

इथं मी थांबते, दर वेळी. लिहितानाही थांबले. उत्तर द्यायला फार वेळ नव्हता. मी लावली असं म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, का लावलीस. मग कधीपासून लावतेस. मग इम्रानकडं बघितलं असतं. मग ते लोण्यागत आणि एकदम मस्त, सगळं एका क्षणात त्याच्या हातातून गेलं असतं. एक पातं वाचवायला महिनाभराची सगळी पाती द्यावी लागली असती. असा हिशेब मी तेव्हा केला असं मी नंतर स्वतःला सांगितलं. खरं तर मी घाबरले.

"तूच लावलीस ना दादा," मी म्हटलं. "मी बघत होते."

ते दुसरं वाक्य मी का जोडलं, कळत नाही. पहिल्या वाक्यानं भागण्यासारखं नव्हतं का?

त्यानं अंगठा पट्टीवरून पुन्हा एकदा फिरवला. "आठवत न्हाई," म्हणाला. मग इम्रानला म्हणाला, "दुसरीकडं बघ बाबा आता. माझा भरोसा न्हाई राहिला."

"असं काय करून राहिलाय सर. एखादं होतंय इकडंतिकडं."

"खाली माणूस असतंय, इम्रान."

तराजू त्यानं मला उचलायला सांगितला. प्रोपेलरही. मी ते दोन्ही कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. नंतर त्यानं त्याचं नाव काढलं नाही. गच्चीवरही आला नाही ऐकायला.

पुढं जे झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. त्यानं आपली आठवण माझ्या हवाली केली. हात गेले हे त्यानं महिन्याभरापूर्वीच थोडंफार ओळखलं असेल, पण पट्टी लावलेली आठवत नाही म्हणजे डोकंही गेलं, असं त्यानं धरलं. सकाळी विचारायचा, "माझी गोळी झाली का?" झालेली असायची, त्यानंच हातानं घेतलेली असायची. "आंघोळ झाली का माझी?" "तुझ्या वहिनीच्या बहिणीचं नाव काय गं?" नाव त्याला येत असायचं, ओठावर असायचं. पण ते बरोबर आहे का हे माझ्याकडून तपासून घ्यायचा. मी प्रत्येक वेळी खरं सांगितलं. त्या तीन आठवड्यांत मी त्याच्याशी एकही शब्द खोटा बोलले नाही. जी एक गोष्ट सांगायची होती ती सोडून.

दशमीला पहाटे दूधवाला येऊन गेल्यावर तो गेला. त्याच्या आदल्या दिवशी त्यानं मला जवळ बोलावून दोन्ही हात वर धरले. उलटेसुलटे करून बघितले. "कसले दिसून राहिले बघ," म्हणाला. त्यानंतर बोललेलं काही नीट कळलं नाही.

घर आवरायला मला सहा महिने लागले. हत्यारं इम्रानला दिली. तराजू आणि तो एक प्रोपेलर मी नांदेडला आणले, का ते मला ठाऊक नव्हतं. पुस्तकांच्या कपाटात ठेवले. त्या पट्टीबद्दल मी माझ्यापुरती एक समजूत करून घेतली होती. दादाचं चुकलं होतं, ते दुरुस्त करताना माझं जास्त चुकलं. दोघांच्या चुका. मी फक्त माझी चूक त्याच्या नावावर टाकली. ही समजूत अंगावर घेऊन झोप लागायची.

गेल्या रविवारी इम्रान आला. या हंगामात त्याचं काम उमरीकडं आहे, तिकडं जाताना नांदेडला थांबला. येताना औश्याहून पेढे आणले होते. धाकटी शाळेत जायला लागली म्हणे. चहा घेताना त्याची नजर कपाटाकडं गेली.

"सरांचा तराजू ठेवलाय होय ताई."

"ठेवलाय."

"आणि तो प्रॉपबी? तोच ना, कुंकवाचा?"

"कुंकवाचा म्हणजे?"

"पोळ्याला पूजा केली होती ना तुम्ही त्याची. ह्यो एवढा जाड लेप होता हळदीकुंकवाचा पात्यावर, त्यात तांदूळ बसलेले." तो हसला. "आमचा हेल्पर म्हणला, पुसू का भाईजान. मी म्हणलं, राहू दे, ताईंच्या हातचं हाय, बरकत येती. तसंच लावलं. काय मस्त उडलं ताई. दोन दिवस. मग पावसात घावलो आम्ही, बेलकुंडकडं. कुंकू गेलं धुऊन. आन् तवापासून थरथर."

"थरथर," मी म्हटलं.

"आता इज्जतीची गोष्ट सांगतो. मला वाटलं, पूजा धुऊन गेली म्हणूनच नाचायला लागलं. म्हणून तर सरांकडं आणलं. आमची बायको म्हणती, तुम्ही मुसलमान का कोण." तो पुन्हा हसला. मग माझ्याकडं बघून थांबला. "काय झालं ताई? काही चुकीचं बोललो का मी?"

मी नाही म्हटलं. त्याला पेढ्यांचा डबा रिकामा पाठवू नये म्हणून त्यात शेंगदाण्याचे लाडू भरून दिले. तो गेला. माझी पट्टी कुंकवानंतर लागली होती हे त्याला माहीत नव्हतं. कुंकवाबद्दल दादाला माहीत नव्हतं. दोन्ही गोष्टी माहीत असलेली त्या घरात मी एकटीच होते आणि मला त्यांची बेरीज करता आली नाही. सगळा जन्म मी उंबऱ्याला, पुस्तकांना, शिवणयंत्राला, खुरप्याला कुंकू लावत आले. त्याला वजन असतं हे माझ्या मनात कधी आलंच नाही. ज्या तराजूवर पोस्टकार्डाच्या वाऱ्यानं पातं हलतं, त्याच तराजूवर मी ओली हळद, कुंकू आणि तांदळाचे दाणे ठेवले आणि म्हटलं, दादाचं थोडक्यात चुकलं.

त्यानंतर आठवडा गेला. कपाटाकडं बघत होते. आज दुपारी दोन्ही बाहेर काढलं.

आता पट्टी काढते. वर्षभरात डिंक सुकलाय, नखानं एक कोपरा सुटला आणि बाकीची सगळी एकदम आली. खाली काळं पातं स्वच्छ. दुसऱ्या पात्याच्या टोकाशी, वळणात, हळदीचा पिवळा डाग अजून आहे. ओल्या फडक्यानं पुसला. ओलावा राहू नये म्हणून खिडकी उघडून प्रोपेलर पाच मिनिटं उन्हात धरला. मग खिडकी पुन्हा लावली. सुई घातली, बुचं दाबली. माझ्याही हातून सुई दोनदा निसटली.

बसली. एक टोक टेकलेलं, दुसरं हवेत. मी हात काढून घेतला.

प्रोपेलर थांबला. आडवा. मी त्याला बोटाच्या टोकानं तिरपा केला. तिरपाच राहिला. उभा केला, उभा राहिला. उलटा करून पाहिला, दुसरं पातं वर घेऊन. तिथंही. एकदा, दोनदा, किती वेळा केलं कोण जाणे. घामानं चष्मा खाली येत होता. कुठलंच पातं कुठंच गेलं नाही. त्या पात्यांवर दादाच्या तिरप्या पट्ट्या नव्हत्याच. एका कडेला त्यानं पॉलिश पेपरनं घासलेलं दिसत होतं. अगदी थोडं. कापणाऱ्या हातांनी, जेवण न जाणाऱ्या माणसानं, आदल्या संध्याकाळी. नवीन माणसाला ते घासलेलं कळलंही नसतं.

त्याआधीच्या पात्यांचं काय, हे मला कळायला मार्ग नाही. ती सगळी झिजली, तुटली, इम्राननं टाकून दिली. त्यांच्यावर कुंकू नव्हतं हे खरं. इम्रान फाटकाशी आला होता हेही खरं. पण मी तपासलं तेव्हा दर वेळी खिडकीची फट नीट लागली होती का, स्वयंपाकघरातला पंखा चालू राहिला होता का, मला सांगता येत नाही. सांगणारं कुणी राहिलं नाही. या एकाबद्दल मात्र सांगता येतं. हे बरोबर होतं. तो विचारत होता आणि हे त्याच्यासमोर बरोबर होतं, आणि मी म्हटलं, तूच लावलीस, मी बघत होते.

दशमीला भटजी येतील. पान वाढायचं, कावळ्याची वाट बघायची. त्याला आवडणारं आंबट वरण करीन. पण तिथं चार माणसं असतील, तिथं हे बोलता येणार नाही. आणि त्याला बोललेलं ऐकू येईल अशी जागा माझ्या माहितीत ही एकच आहे.

बाहेर शेजारच्या बाई नळाला बादली लावत आहेत. मी खुर्ची पुढं ओढली. तोंड बंद ठेवायचं, ही त्याची अट आज पहिल्यांदा मोडली.

"पट्टी मी लावली होती, दादा," मी म्हटलं.

तेवढ्या श्वासानं पातं हललं. हळूहळू पाव वेढा फिरलं आणि थांबलं. परत आलं नाही, खालीही गेलं नाही. जिथं थांबलं तिथंच आहे. अजून मी पंखा लावलेला नाही.